तेविसावी मोहर

शह्हात म्हणजे भिकारी. आईनं पोटच्या पोराचं नाव भिकारी ठेवावं, यात कफ्र अंबर गावात कुणाला वावगं वाटत नाही. आधीचे तीन मुलगे वर्षाच्या आत गेले, म्हणून चौथ्याला तिनं मरणापासून असं लपवलं. भिकाऱ्यावर कोण डोळा ठेवणार? आणि मरणानं खरंच ठेवला नाही. अडुसष्टाव्या वर्षीही भिकारी आपला धडधाकट. आजूबाजूची माणसं मात्र एकेक करून निघून गेली, आणि जाताना आपापलं नाव त्याच्या डब्यात सोडून गेली.

डबा हलव्याचा होता, तिळाच्या हलव्याचा, गोल, झाकणावरचं चित्र कधीच पुसून गेलेलं. त्यात मोहरा होत्या. लिहिता न येणाऱ्या माणसाची पितळी मोहर, अंगठ्याच्या पेराएवढी, तळाला उलट्या अक्षरात नाव कोरलेलं. पगार घ्यायचा, तक्रार करायची, मुलीच्या लग्नाचा कागद करायचा, की शाईच्या पॅडवर टेकवायची आणि उमटवायची. बायका ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालत, पुरुष रुमालाच्या टोकाला बांधत. मोहर गेली की माणूस मुका.

आता या मोहरा डब्यात कशा आल्या, ते सांगायचं तर सतरा नंबरच्या साच्यापासून, म्हणजे मागापासून, सुरुवात करावी लागते.

कालव्याच्या काठची ब्लँकेटची गिरणी तेव्हा ख्वाजा तनाशची होती. तो परका माणूस, म्हणून ख्वाजा, पण इथंच जन्मलेला, आणि शिव्या मात्र अस्सल गावच्या. रोज सकाळी साचेखात्यातून चालत जायचा आणि चालत्या कापडावर करंगळी फिरवायचा. एक धागा सुटला असला तरी ती करंगळी थांबायची. मग विणकराची सात पिढ्यांची विचारपूस व्हायची. लोक त्याला भीत होते, द्वेषही करत होते. पण त्याच्या काळातली ब्लँकेटं अजून गावात लेकी-सुनांच्या पेटीत आहेत, हेही खरं.

शह्हात सतराव्या वर्षी तिथं लोकर पिंजायच्या यंत्रावर लागला. दुसऱ्याच हिवाळ्यात यंत्रानं त्याची दोन बोटं नेली. ख्वाजानं त्याला कचेरीत बसवलं. दया म्हणून नाही. आठ बोटांच्या माणसाला कमी पगार द्यावा लागतो म्हणून. तिथं तो अक्षरं शिकला, तीही उलटी. लोकांच्या मोहरा पाहून पाहून शिकला ना. अजूनही त्याला सरळ लिहिलेलं वाचायला वेळ लागतो, उलटं मात्र झरझर.

नईमा सतरा नंबरवर होती. एके दिवशी वाकली आणि गळ्यातल्या मोहरेचा दोरा साच्यात गुंतला. साच्याला काय, तो ताणा समजून ओढतच राहिला. शह्हात कचेरीतून कागद घेऊन चालला होता. त्यानं जवळच्या कात्रीनं दोरा कापला. नईमा खाली बसली, गळ्यावरचा लाल वळ चोळला आणि पहिलं वाक्य काय बोलली? "अरे बाबा, नवा दोरा होता!"

महिन्याभरात साखरपुडा झाला. आणि त्या दिवसापासून साचेखात्यातल्या सगळ्यांनी मोहरा शह्हातकडे ठेवायला सुरुवात केली. गळ्यात नको, फास बसतो. डब्यात पहिली मोहर नईमाची पडली. त्यानं कधी कुणाची मोहर विचारल्यावाचून उमटवली नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर पुढचं सगळं घडलं.

मग सरकारनं गिरणी ताब्यात घेतली, ख्वाजा गेला. जाताना फाटकाशी थांबून त्यानं भिंतीवरून करंगळी फिरवली म्हणतात. गिरणी आता सगळ्यांची झाली. दवाखाना आला, पाळणाघर आलं, रात्रीची शाळा आली. त्याला नावं ठेवेल त्याचं तोंड जळो. पण साहेब दर दोन वर्षांनी बदलायचा, आणि प्रत्येक साहेब आपला भाचा घेऊन यायचा. ब्लँकेटं विणली जायची, गोदामात जायची, तिथं लोकर खाणारी कसर त्यांची वाट बघत बसलेली असायची. कापडावर करंगळी फिरवायला कुणी नव्हतं. सगळ्यांची गिरणी होती, मग करंगळी कुणाची?

मग तीही विकली. कैरोच्या दोन भावांनी घेतली, उस्ताज रऊफ थोरला, उस्ताज शौकत धाकटा; उस्ताज म्हणजे साहेब. दोघांचा सारखा हिस्सा, आणि मध्ये उरलेला दहावा भाग कामगारांच्या मंडळाचा. तशी तेव्हा पद्धतच होती, विकताना कामगाराच्या हातावर थोडी मालकी ठेवायची म्हणजे तो ओरडत नाही. चौसष्ट जणांच्या मोहरा त्या कागदावर उमटल्या. शह्हातनं घरी येऊन नईमाला सांगितलं, "उठ, चहा कर. मालकीणबाई झालीस."

"मालकीणबाईनं चहा करायचा असतो की प्यायचा?" नईमा म्हणाली, आणि उठली नाही.

दोन भावांचं एकमेकांशी पटत नव्हतं. थोरल्यानं यंत्राचा सुटा भाग मागवला की धाकटा विचारी, कुणाच्या मेहुण्याकडून मागवला? धाकट्यानं लोकर आणली की थोरला ती उलटीसुलटी करून बघी. मी दुरुस्त करायचं आणि अर्धा फायदा त्यानं खायचा, या हिशेबात छत गळत राहिलं. भागीचं घोडं किवणानं मेलं म्हणतात, त्यातला प्रकार. साचे एकेक करून थांबले. थांबलेल्या साच्याचे भाग काढून चालत्या साच्याला लावायचे, असं चाललं होतं.

आणि याच काळात माणसं मरायला लागली. म्हणजे मरायची वेळच आली होती त्यांची, सगळे एकाच वयाचे.

कफ्र अंबरमध्ये माणूस गेला की चाळिसाव्या दिवसाच्या आत त्याच्या मोहरेवरचं नाव कानशीनं घासून टाकतात. नाही घासलं आणि कुणी ती उमटवली, तर मेलेल्याला उठून यावं लागतं. बोलावलं ना नाव घेऊन, मग तो कुठंही असो. असं जुन्या बायका म्हणत. शह्हात हसायचा.

पहिला गेला दरवीश रंगारी. त्याची बायको उम्म गलीला, म्हणजे गलीलाची आई, चाळिसाव्याच्या आधी कचेरीत येऊन दारात बसली. घासायचं म्हणजे मंडळातून नाव जाणार. मग ईदेला मंडळाकडून मिळणारं तेल, साखर, ब्लँकेट, सालाचा नफा काही असेल तर तो, सगळं जाणार.

"अम्म शह्हात," ती म्हणाली. गाव त्याला अम्म म्हणे, म्हणजे काका. "दरवीश तसाही कधी बोलत नव्हता. आता थोडा जास्त गप्प आहे, एवढंच समज."

शह्हातनं कानस पुन्हा खणात ठेवली. एका बाईच्या थंडीपुढं कागदाचं काय एवढं? मग दुसरी आली, मग तिसरी. सहा वर्षांत बावीस झाले. वर्षाच्या सभेत शह्हात यादी वाचायचा, मेलेल्याचं नाव आलं की मान खाली घालून स्वतःच "हजर" म्हणायचा आणि मोहर टेकवायचा. सभेत सगळ्यांना माहीत होतं. सगळे त्या वेळी छताकडं बघत.

तेविसावी नईमा.

तिची मोहर घासायला तो चार वेळा बसला. चाळिसावा दिवस गेला, वर्ष गेलं. पुढच्या सभेत त्यानं वाचलं, "नईमा बिन्त इस्माईल," आणि "हजर" म्हणताना त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला, सगळे भाकरी सोडून बसले होते आणि साचेखात्यात कुणी नव्हतं, तेव्हा सतरा नंबर चालू झाला.

तो साचा तर बंद. त्याचा आडवा धागा नेणारा धोटासुद्धा कुणी काढून नेला होता. पण आवाज त्याचाच. धोटा जाताना खट्, येताना खट् आणि वर बारीकशी टिक्. ती टिक् नईमाच्या बांगडीची, ती वाकली की पुढच्या दांडीवर वाजायची. शह्हात दारात जाऊन उभा राहिला. साचा उभा, त्यावर धूळ, धुळीवर चिमणीची पावलं. आणि आवाज चालूच.

चार वर्षं हे चाललं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. बाराला आपली भाकरी घेऊन तो साचेखात्याच्या दाराशी बसू लागला, इतकंच.

चौथ्या वर्षी रमजान संपला आणि कचेरीत उस्ताज वग्दी आला. हा थोरल्या भावाचा माणूस, परीटघडीचा, बसण्याआधी खुर्ची कागदी रुमालानं पुसणारा.

"अम्म शह्हात, किती सभासद हो तुमच्या मंडळात?"

"चौसष्ट."

"यादीत चौसष्ट. मी काल तुमच्या कबरस्तानात जाऊन आलो. छान सावली आहे. तेवीस सभासद तिथंच भेटले."

शह्हातनं चहाचा पेला खाली ठेवला.

"घाबरता काय? मला तर आवडले ते लोक. संप करत नाहीत, चहा मागत नाहीत." वग्दी खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "हे बघा. उस्ताज रऊफना गिरणी बंद करून जमीन विकायची आहे. कालव्याकाठची जमीन, सोनं आहे. धाकटा आडवा पडलाय, कारण थोरला हो म्हणाला. म्हणजे तुमचा दहावा भाग जिकडं, तिकडं गिरणी. जिवंतांचा काही भरवसा नाही, जुनी खोडं आहेत, रडतील. तेवढ्या तेवीस मोहरा 'विका'च्या रकान्यात उमटवा. अकरा वर्षं उमटवताच आहात."

"आणि नाही उमटवल्या तर?"

"तर सरकारी वकिलाला यादी जाईल. तुम्ही आत जाल, ते ठीक, तुमचं वय झालं. पण त्या बायकांना अकरा वर्षांचं सगळं परत आणून द्यावं लागेल. ब्लँकेटंसुद्धा." तो उठला आणि हात पुसला. "गुरुवारी सभा. बाराला."

गुरुवारला पाच दिवस होते. शह्हात आधी उम्म गलीलाकडे गेला. ती दारात बसून सलगमचं लोणचं विकायची, बीट घातलेलं, लालभडक.

"बस. पण फुकट चाखायचं नाही," ती म्हणाली. मग त्याचं तोंड बघून तिनं बरणी बाजूला सारली. त्यानं सगळं सांगितलं.

"तुला एक दाखवायचं राहिलंय," ती म्हणाली, आणि त्याला आत घेऊन गेली. उंबऱ्यापासून दरवीशच्या जुन्या खाटेपर्यंत फरशीवर निळे थेंब होते. वाळलेले, घासूनही न गेलेले. काही जुने, काही त्याहून जुने. "दर सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. निळ्या रंगाच्या हौदातून हात काढून माणूस चालत यावा तसे. मोजून ठेवलेत मी. अकरा ओळी आहेत."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मोहर घासली असतीस. मग मी पांघरलं काय असतं?" तिनं डोक्यावरचं फडकं खाली ओढलं. "दरवेळी वाटायचं, आलाच आहे तर बसेल घटकाभर. बसत नाही रे. खाटेपाशी येतो, उभा राहतो आणि जातो. थकलाय तो. आयुष्यभर त्याला गिरणीनं बोलावलं, आता मेल्यावरही तीच बोलावते."

"घासू?"

"घास. पण सगळ्यांसमोर घास. नाहीतर उद्या म्हणतील, शह्हातनं विकून खाल्ल्या."

"ब्लँकेटं परत मागतील."

"येऊ दे मागायला. माझं फाटलंय, भोकं मोजून देईन."

दरवाजातून निघताना त्याला विचारायचं होतं, की माणूस येत असेल, बसत नसेल, पण येत तरी असेल, तर ते कमी आहे का? विचारलं नाही. उम्म गलीलाच मागून म्हणाली, "नईमाचीही घासावी लागेल हो, अम्म शह्हात." जणू तिलाही बाराचा आवाज ऐकू येत होता.

गुरुवारी साचेखात्यात खुर्च्या मांडल्या. एकेचाळीस जिवंत पुढं, मागच्या भिंतीशी त्या बायका. टेबलापाशी वग्दी आणि धाकट्या भावाकडून आलेला एक जांभया देणारा वकील. भोंगा वाजला, वाजायचा तसा, अर्धवट. शह्हातनं टेबलावर डबा ठेवला, आणि खिशातून कानस काढून त्याशेजारी ठेवली.

"दरवीश अबू गलीला," त्यानं वाचलं.

सगळ्यांनी सवयीनं छताकडं पाहिलं.

"मेला," शह्हात म्हणाला. "अल्लाची दया असो त्याच्यावर." आणि मोहर डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांत धरून त्यानं कानस चालवली.

पितळेचा आवाज दातांतून जातो. एकेक नाव, एकेक मोहर. वग्दी उठला, बसला, पुन्हा उठला. "हे काय चालवलंय?"

"यादी दुरुस्त करतोय, उस्ताज. तुम्हीच म्हणालात कबरस्तानात सावली आहे. तिथंच राहू द्या त्यांना. मला आत पाठवायचं ते पाठवा, मोहरा उमटवणारा हात माझा. या बायकांच्या हातांवर शाई नाही."

मागं एक बाई मोठ्यानं रडू लागली. दुसरीनं चप्पल काढून दाखवली, "आमच्या तोंडचं तेल काढलंस, भिकाऱ्या!" उम्म गलीलानं तिचा हात धरून खाली बसवला. शह्हातनं मान वर केली नाही. टेबलावर पिवळी भुकटी साठली. बावीस झाल्या.

तेविसावी त्यानं मुठीत धरली आणि डब्याचं झाकण लावलं.

वग्दीनं मोजल्या होत्या, एक कमी होती. पण आता त्याला घाई झाली. जिवंतांची मतं घ्यावीच लागणार होती आणि त्याचा चेहरा उतरला होता. "ठीक. गिरणी बंद करून जमीन विकायची, हे मान्य असलेल्यांनी हात वर करा."

शह्हातला वाटलं, आता एकही हात वर होणार नाही. वग्दी कसा तोंडावर आपटतो ते बघू, असंही वाटलं. म्हातारा झाला तरी माणूसच.

पहिला हात हिलालचा, सगळ्यात चांगल्या विणकराचा. मग त्याच्या शेजारचा. मग ओळच्या ओळ. एकेचाळिसात एकोणतीस.

"हिलाल!" शह्हात म्हणाला. "अरे, तू पण?"

हिलालनं हात खाली घेतला नाही. "अम्म शह्हात, तीन वर्षं मी शेजारच्या साच्याची हाडं काढून माझा साचा चालवतोय. मालकी मालकी म्हणता, ती खायची की पांघरायची? छप्पर गळलं तर ते दुरुस्त करा म्हणायची तरी आमची मालकी होती का? आज पहिल्यांदा आम्हाला कुणी काही विचारलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटावं असं नव्हतं मनात."

वग्दीनं खुर्चीत पाठ टेकली. "म्हणजे मी उगाच तुमच्या कबरस्तानात बूट मळवले!" तो हसू लागला. धाकट्याच्या वकिलानं जांभई आवरून वही मिटली.

गिरणी राहावी असं वाटणारे बहुतेक त्या पिवळ्या भुकटीत होते. हे शह्हातच्या तेव्हा लक्षात आलं. दरवीशनं हात वर केला नसता. नईमानं तर हिलालचा कान धरला असता. आणि त्यानं त्यांना स्वतःच्या हातानं सोडवलं होतं.

त्यानं मूठ उघडली. पॅडवर नईमाची मोहर टेकवली आणि 'विकू नका'च्या रकान्यात उमटवली. सगळे बघत होते. वग्दीनंही अडवलं नाही; त्या एका मतानं काही होणार नव्हतं.

मागं, खुर्च्यांच्या पलीकडे, सतरा नंबर चालू झाला. खट्. खट् आणि टिक्. शह्हातनं आजूबाजूला पाहिलं. कुणी मान वळवली नव्हती. हिलालनं मात्र कपाळावर आठी आणून साच्यांकडं बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

शह्हात ऐकत राहिला. मग म्हणाला, "मेली. अल्लाची दया असो तिच्यावर," आणि कानस उचलली. नाव जायला वेळ लागला. नईमाच्या बापानं खोल कोरून घेतलं होतं. शेवटचं अक्षर गेलं तेव्हा आवाज धोट्याच्या मध्यावरच तुटला, दोरा कापावा तसा.

वग्दीनं यादी सरकारी वकिलाकडे पाठवलीच नाही. काम झाल्यावर मेलेल्यांशी भांडतो कोण? जिवंतांना जे मिळायचं ते मिळालं. हिलालनं रिक्षा घेतली, तीन चाकांची, आणि तो म्हणतो, निदान बिघडली तर ती मी दुरुस्त करतो. उम्म गलीलाच्या फरशीवर बारावी ओळ उमटली नाही. ती म्हणते, झोप छान लागते. आणि म्हणताना दुसरीकडे बघते.

गिरणी पाडली, पण दोन भावांचं वाटणीवरून पुन्हा बिनसलं, म्हणून जमीन तशीच पडून आहे, पत्र्याच्या कुंपणात. शह्हात रोज बाराला कुंपणाशी येऊन बसतो. भाकरी, खारट जुनं चीज, वर्तमानपत्राचा तुकडा. कालव्यावरून वारा येतो, पत्रा वाजतो. तो कान देतो. नाही, पत्राच.

मग खिशातून छोटं पॅड काढतो, ती घासलेली मोहर त्यावर टेकवतो आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात उमटवतो. गोल निळा डाग येतो, आत काही नाही. हात तसाच दाबून धरून तो कुंपणाकडं बघत बसतो, भाकरी वाळेपर्यंत.